थॅडियस स्टीव्हन्सच्या थडग्यापाशी

प्रिय वसंता,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या दोन पत्रांना उत्तर दिले नाही, त्याची फार लाज वाटते. प्रकृती ठीक. लेकीकडे पेनसिल्व्हेनियात आलो आहे आणि काल लँकेस्टरला जाऊन थॅडियस स्टीव्हन्सच्या, गुलामगिरीविरुद्ध लढलेल्या एकोणिसाव्या शतकातल्या त्या अमेरिकी खासदाराच्या, थडग्यापाशी उभा राहिलो, हे तुझ्याखेरीज सांगणार कोणाला?

वसतिगृहाच्या गच्चीवर तू 'गुलामगिरी'ची अर्पणपत्रिका खड्या आवाजात वाचायचास. गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या ज्या अमेरिकी लोकांना जोतीरावांनी १८७३ साली ते पुस्तक अर्पण केले, त्यांत मला कायम हाच पायाने अधू वकील दिसे. पेनसिल्व्हेनियाचा मोफत शाळांचा कायदा रद्द होऊ लागला, तेव्हा १८३५ साली भाषण करून त्याने तो वाचवला, म्हणून तू मास्तर झाल्यावर त्याच्यावर तुझाही हक्क सांगू लागलास!

पण येण्याच्या आदल्या रात्री मी चॅरिटी बटलर या गुलाम स्त्रीचा खटला वाचला आणि झोप उडाली. मालकाने सहा महिने पेनसिल्व्हेनियात ठेवलेला गुलाम तिथल्या १७८० च्या कायद्याने मुक्त होत असे. चॅरिटीचे तिथे येणेजाणे होते. सगळ्या मुक्कामांचे दिवस एकत्र धरावेत, असे तिचे म्हणणे. स्टीव्हन्स उभा राहिला तो मालकाच्या बाजूने. मुक्काम सलगच हवा, हा मुद्दा त्याने लढवला, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १८२१ साली तो मानला आणि चॅरिटी मुलांसह गुलामीत परत गेली.

वकिलाने पक्षकाराचे पाप-पुण्य पाहू नये, असे मी म्हणालो होतो आणि तू आठ दिवस माझ्याशी बोलला नव्हतास, ते आठवते? आज तुझी बाजू मला पटते.

पुढे त्याने कितीतरी पळालेल्या गुलामांचे खटले लढवले. कृष्णवर्णीयांचा मताधिकार काढून घेणाऱ्या पेनसिल्व्हेनियाच्या राज्यघटनेवर १८३८ साली सही केली नाही. १८६३ मध्ये, यादवी युद्धात, गुलामगिरी राखू पाहणाऱ्या दक्षिणेच्या फौजेने त्याचा लोखंडाचा कारखाना जाळला, तरी तो मागे हटला नाही. सर्वांना कायद्याचे समान संरक्षण देणारी अमेरिकी राज्यघटनेची चौदावी दुरुस्ती मनासारखी झाली नाही, तरी आपण देवदूतांत नव्हे, माणसांत राहतो, म्हणून त्याने १८६६ साली ती स्वीकारली. अखेरच्या दिवसांत त्याला खुर्चीत बसवून सभागृहात उचलून नेत; तुम्ही मेलात तर मला कोण उचलणार, असे त्या उचलणाऱ्यांना तो विचारी, म्हणतात. चॅरिटीचे ऋण त्याने असे फेडले म्हणावे, तर फेड मिळाली ती दुसऱ्यांना.

इतर दफनभूमींत वंशाचे निर्बंध होते, म्हणून त्याने ही आडबाजूची जागा निवडली. ईश्वरापुढे माणसे समान, हे मरणानेही दाखवावे, असे त्याचे शब्द शिळेवर कोरले आहेत. 'वंश' या शब्दावरून मी बोट फिरवले. हात जोडायला गेलो आणि चॅरिटी आठवली. हात छातीपाशीच थांबले. तू असतास तर काय केले असतेस, ते मला सविस्तर लिही.

तुझ्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली का? नातवाची परीक्षा कशी गेली? वहिनींना नमस्कार.

तुझा,
माधव