बंदुकीचा हक्क परत द्या, पण कारण लिहून द्या

प्रति,
माननीय अ‍ॅटर्नी जनरल,
न्याय विभाग, वॉशिंग्टन डीसी

स.न.वि.वि.

एकदा दोषी ठरलेल्या माणसाला बंदूक बाळगण्याचा हक्क परत मिळवता यावा म्हणून आपल्या खात्याने २०२५ मध्ये अर्ज करण्याचा जुना बंद रस्ता पुन्हा उघडला. त्याबद्दल हे पत्र. मी ह्यूस्टनजवळ राहतो, इथला नागरिक आहे, मतदार आहे. टेक्सासमधल्या मराठी घरांतही हा विषय निघतो आणि वाद होतात, म्हणून मराठीत लिहितोय. इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयाकडे वेगळी पाठवली आहे. रस्ता उघडला ते योग्यच झालं. तो ज्या रीतीने वापरला गेला, त्याला माझा विरोध आहे.

इथे दुकानातून बंदूक घ्यायची तर आधी ४४७३ नंबरचा फॉर्म भरावा लागतो. त्यात विचारतात: ज्या गुन्ह्याला एक वर्षाहून जास्त कैद होऊ शकली असती, अशा गुन्ह्यात तुम्ही कधी दोषी ठरला आहात का? प्रत्यक्षात नुसतं प्रोबेशन, म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेखीखाली बाहेर राहणं, मिळालं असलं तरी उत्तर ‘हो’ द्यायचं. माझ्या गोदामात फोर्कलिफ्ट चालवणाऱ्या एका सहकाऱ्याने विशीत असताना खोटी सही करून चेक वटवला होता. पैसे फेडले, प्रोबेशन पुरं केलं. आता पन्नाशी उलटली. वडील जाताना हरणाच्या शिकारीची रायफल त्याच्या नावे ठेवून गेले. ती बहिणीच्या घरी कुलपात पडून आहे. टेक्सासचा कायदा सांगतो, सुटून पाच वर्षं झाली की स्वतःच्या घरात बंदूक ठेवायला हरकत नाही. केंद्राचा कायदा सांगतो, जवळ सापडली तर पंधरा वर्षांपर्यंत तुरुंग. त्याने कुठला कायदा मानायचा?

ही आजन्म बंदी १९६८ च्या गन कंट्रोल अ‍ॅक्टमधली. दरोडेखोर आणि चेकवर खोटी सही करणारा, दोघांना एकच माप. पेनसिल्व्हेनियाच्या ब्रायन रेंज यांनी १९९५ मध्ये फूड स्टॅम्पसाठी, म्हणजे गरिबांना मिळणाऱ्या सरकारी अन्नमदतीसाठी, मिळकत कमी दाखवल्याचं कबूल केलं, २,४५८ डॉलर भरून दिले, एक दिवसही तुरुंगात गेले नाहीत. त्या राज्यात तो गुन्हा फेलनी, म्हणजे गंभीर गुन्हासुद्धा नव्हता. तरी त्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकत होती, एवढ्यावरून बंदी जन्मभराची. उलट संगनमताने बाजारभाव ठरवणाऱ्या कंपनीच्या अधिकाऱ्याला कायद्याने या बंदीतून वगळलंय! रेंज तिसऱ्या सर्किट न्यायालयात (काही राज्यांसाठी मिळून असलेल्या केंद्रीय अपील न्यायालयात) जिंकले, २०२३ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये. नवव्या सर्किटने मात्र २०२५ मध्ये बंदी कायम ठेवली. म्हणजे माणूस कुठल्या राज्यात राहतो त्यावर त्याचा हक्क ठरतो.

मी मूळचा सिंधुदुर्गातला. रानडुकरं आणि माकडं पीक नासतात म्हणून आमच्याकडे काही शेतकऱ्यांजवळ पीक संरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची बंदूक असते, आणि निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. तिथे बंदूक हा हक्क नाही, सरकारने दिलेला परवाना आहे. तरीही भारताच्या १९५९ च्या शस्त्र कायद्यातलं कलम ९ म्हणतं की हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात कैद झाली, तर शिक्षा संपल्यापासून पाच वर्षं बंदी. पुढे अर्ज करता येतो, निर्णय अधिकाऱ्याचा. जिथे हा हक्कच नाही तिथे बंदीला मुदत आहे, आणि ज्या देशाने तो संविधानात लिहिला तिथे ती मरेपर्यंत चालते. हे मला पटत नाही.

म्हणून सरसकट सगळ्यांना बंदुका द्या, असं मी म्हणत नाही. बायकोला मारहाण करणाऱ्याच्या हाती पुन्हा बंदूक गेली तर काय होतं ते आम्ही बातम्यांत वाचतो. मनाई हुकूम असलेल्या अशा माणसाकडून बंदूक काढून घेता येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये रहिमी खटल्यात आठ विरुद्ध एक मताने सांगितलं. हा रहिमी आमच्याच टेक्सासचा. १९९२ पासून काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, हक्क परत मागणारे वैयक्तिक अर्ज तपासायला एटीएफला (बंदुकांचे कायदे राबवणाऱ्या केंद्रीय संस्थेला) पैसा देणंच थांबवलं, त्यामागे हीच भीती होती: एक निर्णय चुकला तर निरपराधाचा जीव जातो. भीती खरी होती, उपाय चुकला. अर्ज करायचा हक्क कागदावर राहिला आणि तो वाचणारं कुणी उरलं नाही.

आता आपण ते काम एटीएफकडून काढून स्वतःकडे घेतलंत. एप्रिल २०२५ मध्ये दहा जणांची यादी निघाली. त्यात अभिनेते मेल गिब्सन होते, ज्यांच्यावर घरगुती मारहाणीच्या गुन्ह्याची नोंद होती. यादीत नावं आहेत. पण कुणाचा गुन्हा काय, त्याला किती वर्षं झाली, त्रास सोसलेल्या माणसाला विचारलं का, यातलं काही तिच्यातून समजत नाही. हक्क परत देताना कारणांसह फेडरल रजिस्टर या सरकारी राजपत्रात प्रसिद्ध करावं, हे गन कंट्रोल अ‍ॅक्टचंच ९२५(सी) कलम सांगतं. ‘सार्वजनिक सुरक्षेला धोका नाही’ ही कलमातलीच भाषा पुन्हा लिहिली, तर ते कारण होत नाही. प्रत्येक नावापुढे त्या माणसाची हकिकत हवी.

अर्जाचा फॉर्म असा करा की वकिलाला पैसे न मोजता गोदामातला कामगार तो भरू शकेल. स्थानिक शेरीफचं आणि ज्याने गुन्हा सोसला त्याचं म्हणणं आधी घ्या. घरगुती हिंसाचार असेल तर ते घेतल्याशिवाय फाईल पुढे सरकू नये.

आणि उत्तराला मुदत घाला. टेक्सासचेच बंदूक-विक्रेते थॉमस बीन जेवायला मेक्सिकोत न्युएवो लारेडोला गेले, गाडीत काडतुसांचा खोका राहिला, तिथे शिक्षा झाली आणि इथला हक्क गेला. हक्क परत मिळवायला ते न्यायालयात गेले, पण सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये त्यांना रिकाम्या हाती परत पाठवलं, कारण सरकारने अर्जावर काहीच न करणं म्हणजे नकार नव्हे, आणि नकार नसेल तर न्यायालयात दाद मागता येत नाही. आपल्या खात्यातही अर्ज असेच पडून राहिले तर रस्ता १९९२ सारखाच बंद. हो किंवा नाही, पण ठरलेल्या दिवसांत आणि कारणासह लेखी कळवा, म्हणजे ज्याला नकार मिळेल त्याला जिल्हा न्यायालयात जाता येईल.

आपला,
ह्यूस्टनजवळचा एक मराठी मतदार