बाबा, दुखलं तर बोला

ती. आई-बाबांना,
सा. नमस्कार.

फोनवर आईला रडू येतं आणि बाबा “बरं आहे मी” म्हणून विषय संपवतात, म्हणून लिहायला बसले. पत्र निदान मध्येच ठेवून देता येत नाही.

आई, पहिल्या दिवसापासून तुझा एकच प्रश्न, “कितवी स्टेज?” बाबांच्या मायलोमालाही, म्हणजे बोन मॅरोमधल्या पेशींच्या या कॅन्सरलाही, स्टेज असते, पण ती गाठ किती पसरली यावर ठरत नाही. रक्तातली अल्ब्युमिन आणि बीटा-टू मायक्रोग्लोब्युलिन ही प्रथिनं, एलडीएच नावाचं एन्झाइम आणि बिघडलेल्या पेशींची गुणसूत्रं बघून ती ठरवतात. आजार असतो हाडांच्या आत, बोन मॅरोमध्ये, आणि मॅरो काही एकाच हाडात नसतो. म्हणून मणका, बरगडी, खुबा असे तिन्हीकडे डाग दिसले म्हणजे “सगळीकडे पसरलं, संपलं” असं धरून बसू नकोस. पोटातल्या गाठीचा हिशेब इथे चालत नाही.

मॅरोमधल्या प्लाझ्मा पेशी अँटिबॉडी बनवतात, तऱ्हेतऱ्हेच्या जंतूंसाठी तऱ्हेतऱ्हेच्या. त्यातली एक पेशी बिघडली, तिची पिलावळ वाढली, आणि आता ती सगळी मिळून एकच बिनकामाचं प्रथिन काढत सुटली आहे, एकाच अर्जाच्या लाखभर झेरॉक्स काढाव्यात तसं. त्याला एम प्रोटीन म्हणतात. चांगल्या अँटिबॉडी मात्र कमी पडतात, म्हणून बाबांना सारखा खोकला-ताप. रिपोर्टमधल्या रक्तातल्या प्रथिनांच्या आलेखाचा तू फोटो पाठवलास ना, त्यात पेनाने गोल केलेला डावीकडचा उंच सुळका अल्ब्युमिनचा आहे. तो तुझ्या-माझ्या रक्तातही असाच दिसेल. बघायचं ते उजव्या टोकाला. तिथे बुटका, पसरट उंचवटा असायला हवा. बाबांच्या आलेखात तिथून एम प्रोटीनचं काटकुळं टोक वर आलंय. औषध लागू पडलं की ते खाली येतं. पुढचा रिपोर्ट आला की आधी तेवढंच बघ.

हाड एरवीही रोज थोडं पोखरलं जातं आणि थोडं भरून निघतं. मायलोमाच्या पेशी पोखरणाऱ्यांना चिथावतात आणि भरणाऱ्यांना अडवतात. मग हाड ठिसूळ होतं आणि त्यातलं कॅल्शियम रक्तात उतरतं. ते फार वाढलं की तहान, बद्धकोष्ठ, सुस्ती. बाबांची पाठदुखी आपण सगळ्यांनीच वयाच्या खात्यावर टाकली होती; बहुतेक घरांत असंच होतं, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

किडनीचं मात्र नीट वाचा. त्या प्रथिनाचे तुकडे, लाइट चेन, किडनीत अडकतात. लंडनच्या हेन्री बेन्स जोन्स या डॉक्टरने ते १८४० च्या दशकातच रुग्णाच्या लघवीत ओळखले होते. लघवी तापवली की गढूळ व्हायची, उकळली की पुन्हा स्वच्छ! लघवीच्या साध्या पट्टीवर ते आजही बहुधा सापडत नाहीत, कारण ती पट्टी अल्ब्युमिन शोधते. तेव्हा “लघवी नॉर्मल आली” यावर विसंबू नका. आणि बाबा, तुमच्या खणातल्या डायक्लोफेनॅक आणि आयब्युप्रोफेनच्या गोळ्या आजच टाकून द्या. एरवी चालणारी ही औषधं या आजारात किडनीला भोवतात. डॉक्टरांनी सांगितलंय तेवढं पाणी प्या, आणि स्कॅनसाठी रंगद्रव्य टोचणार असतील तर आधी मायलोमा आहे म्हणून सांगा.

डेक्साच्या, म्हणजे डेक्सामेथासोन या स्टेरॉइडच्या गोळीच्या, दिवशी बाबा रात्री दोनला कपाट आवरतात आणि तुझ्यावर चिडतात, हे ऐकून मला हसू आलं, पण आई, तो स्वभाव नव्हे, गोळी आहे. ती सकाळी, खाल्ल्यावर द्यायची, आणि साखर तपासत राहायची. लेनालिडोमाइडची कॅप्सूल थॅलिडोमाइडच्या घराण्यातली. गर्भातल्या बाळांवर भयंकर परिणाम झाले म्हणून ते औषध १९६१ मध्ये बाजारातून काढायला लागलं, आणि तेच १९९९ मध्ये मायलोमावर उपयोगी असल्याचं दिसलं. म्हणूनच घरात कोणी गरोदर असेल तर तिने त्या कॅप्सूलला हात लावायचा नाही. या कॅप्सूलने रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात, त्यासाठी ती छोटी ॲस्पिरिन आहे. “ही कशाला” म्हणून परस्पर बंद करू नका.

आता खरं बोलायचं ते बाबांशी. तुम्ही आयुष्यभर दुखणं अंगावर काढलंत. इथे ते चालणार नाही. एम प्रोटीन रक्तात मोजता येतं, किडनीचं काम सांगणारं क्रिएटिनिन मोजता येतं, पण बोर्टेझोमिबच्या इंजेक्शनने तळपायाला आलेल्या मुंग्या कुठल्याच रिपोर्टमध्ये येत नाहीत. त्या तुम्हीच सांगायच्या. वेळेवर कळलं तर डोस कमी करता येतो. लपवलंत तर बधिरपणा कायमचा राहू शकतो. ताप १००.४ च्या वर गेला, पायातली ताकद अचानक गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर सकाळची वाट बघायची नाही, त्याच क्षणी निघायचं. पाठीच्या कण्यात मज्जारज्जू दबला असेल तर तासांचा हिशेब असतो.

“पूर्ण बरा होतो का?” असं तुम्ही मला विचारत नाही, पण मनात आहे, ठाऊक आहे. बहुतेकांचा मुळापासून जात नाही. शांत होतो, कधी कधी कित्येक वर्षं, मग पुन्हा डोकं वर काढतो आणि औषध बदलावं लागतं. बदलायला औषधं मात्र आता बरीच आहेत. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी ती नव्हती.

पुढच्या भेटीत तीन गोष्टी विचारायच्या आहेत: स्वतःच्याच स्टेम सेलचं ट्रान्सप्लांट बाबांना झेपेल का, न्यूमोनियाची लस कधी घ्यायची, आणि हाडांचं झोलेड्रोनिक ॲसिड सुरू करण्याआधी दात कोणाला दाखवायचे. दाताचं आधीच उरकायला हवं, नंतर दात काढला तर जबड्याचं हाड भरून येत नाही असं कधी कधी होतं. डॉक्टरांनी “कसं वाटतंय?” विचारलं आणि बाबा “बरंय” म्हणाले, तर आई, त्यांचं दुखणं-खुपणं रोज वहीत लिहून ठेव आणि तिथे ती उघडून वाचायला सुरुवात कर.

तुमची,
लेक