चित्रातला रंग मूळचाच आहे का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्याहून परदेशी जाणारे अनेक जण शिकागोचे आर्ट इन्स्टिट्यूट, अ‍ॅमस्टरडॅमचे व्हॅन गॉग म्युझियम आवर्जून पाहतात. इथल्या कलावर्गांत याच चित्रांच्या छापील प्रती समोर ठेवून रंगसंगती शिकवली जाते. पण त्यांतले कित्येक रंग मूळचे राहिलेले नाहीत, हे क्वचितच कुणी सांगते.

शिकागोतले फ्रेंच चित्रकार झॉर्झ सरा याचे 'ला ग्रांद जात' (१८८४-८६) पाहा. उन्हातल्या हिरवळीवर त्याने झिंक यलो या पिवळ्या रंगाचे ठिपके दिले होते. काही वर्षांतच पिवळे ठिपके मातकट, नारिंगी ठिपके तपकिरी आणि पोपटी ठिपके शेवाळी झाले. ठिपके लांबून एकत्र होऊन उजळ दिसतात, हे ज्या चित्रावरून शिकवायचे त्याच चित्रातला उजेड मंदावला आहे. मग विद्यार्थी तो मातकटपणाच इमानेइतबारे उतरवतात!

तिथेच रन्वारचे १८८३चे मादाम क्लापिसाँ हे व्यक्तिचित्र आहे. पार्श्वभूमी आज थंड, निळसर-राखाडी दिसते. पण चौकट उतरवल्यावर तिच्याखाली झाकलेल्या कडेला भडक लाल सापडला. तो कोचिनील किड्यांपासून केलेला कार्माइन. जिथे उजेड पोचला नाही तिथेच टिकला. व्हॅन गॉगच्या 'बेडरूम'च्या (१८८८) भिंतीही फिकट जांभळ्या होत्या. त्यातला लाल उडाला आणि निळा उरला. त्याच्या सूर्यफुलांतला क्रोम यलो उजेडाने काळपट होतो. त्यातही फिकट, लिंबोणी छटा अधिक कच्च्या. हे रंग टिकाऊ नाहीत हे व्हॅन गॉगला ठाऊक होते. म्हणूनच ते भडक वापरावेत, काळ त्यांना मवाळ करीलच, असे त्याने भावाला लिहिले होते.

संग्रहालये तैलचित्रांवरचा प्रकाश साधारण १५० ते २०० लक्सपर्यंत (लक्स हे प्रकाश मोजण्याचे एकक) ठेवतात ते यासाठीच. दालन अंधारे वाटले तरी तक्रार करू नये, आणि फ्लॅश तर नकोच.

आपल्याकडच्या चित्रकारांनी ट्यूब घेताना रंगाच्या नावावर जाऊ नये, मागचा रंगद्रव्याचा क्रमांक वाचावा. एनआर ४ म्हणजे तोच कार्माइन. अलिझरिन क्रिमसनवर पीआर ८३ असेल तर तोही उडतो, विशेषतः पांढऱ्यात मिसळून पातळ लावला तर. त्याऐवजी पीव्ही १९ (क्विनॅक्रिडोन) घ्यावा. शंका असेल तर प्रत्येक रंगाचा एक पट्टा जाड आणि एक पांढऱ्यात मिसळून कॅनव्हासच्या तुकड्यावर लावावा, वाळल्यावर अर्धा भाग अ‍ॅल्युमिनियम फॉइलने घट्ट झाकून थेट ऊन येणाऱ्या खिडकीत ठेवावा. फॉइल काढायची घाई करू नये. मार्च ते मे हे पुण्याच्या कडक उन्हाचे तीन महिने तरी जाऊ द्यावेत.

आपल्या पुरवणीत ही चित्रे छापताना चित्राखाली 'मूळ रंग बदललेला' एवढी नोंद दिली, तर वर्गात ती कात्रणे निर्धास्तपणे वापरता येतील.

– काही चित्रकला शिक्षक, पुणे