प्रेशर पंप खराब होतो तो मागच्या बाजूने

संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मी हाय प्रेशरचे पाण्याचे पंप रिपेअर करतो. तुमचा पेपर गाड्या धुणारे, टाक्या साफ करणारे, फवारणीवाले सगळेच वाचतात म्हणून हे पत्र, कृपा करून छापा. रिपेअरला येणाऱ्या पंपांत मला पुन्हा पुन्हा एकच दिसतं, दोष पंपाच्या आधी असतो आणि बदललं जातं मात्र पंपातलं.

मागे एक पंप तिसऱ्यांदा आला. दोनदा सील बदलून झाले होते, मालक म्हणाला पंपच भिकार आहे. हेड खोललं तर वॉल्व्हच्या सीटवर आणि आजूबाजूच्या पितळेवर सुईने टोचल्यासारखे खड्डे, बोट फिरवलं तर खरखरीत लागतं. घासून झिजलेला धातू असा दिसत नाही, तो गुळगुळीत होतो. म्हटलं इनलेटची होज, म्हणजे पंपात पाणी आणणारा पाइप, घेऊन या. बाहेरून एकदम नवी, चिरून बघितली तर आतलं रबराचं अस्तर सुटलेलं, पंप चालू झाला की ते आत ओढलं जाऊन रस्ता बंद करत होतं आणि बंद केला की परत जागेवर, म्हणजे बघणाऱ्याला कधी सापडणारच नाही!

होतं काय, तर पंप पाणी खेचतो असं आपण म्हणतो पण खरं म्हणजे बाहेरचा दाब पाण्याला आत ढकलतो. वाट अडली की आतला दाब इतका उतरतो की थंड पाण्यातसुद्धा वाफेचे बुडबुडे धरतात, आणि प्लंजर, म्हणजे पंपातला पाणी रेटणारा दांडा, दाबायला आला की ते फुटतात, जिथे फुटतात तिथला धातू टवका टवका करून काढतात. यालाच कॅव्हिटेशन म्हणतात. पंपात खडी घातल्यासारखा आवाज येतो, गन थरथरते, लोक म्हणतात बेअरिंग गेलं.

गरम पाण्याचं तर फार जपायला हवं. २० डिग्रीच्या पाण्याला उकळायला दाब हवेच्या दाबाच्या २ टक्क्यांच्या आसपास उतरावा लागतो, ६० डिग्रीला २० टक्क्यांवरच काम होतं. आणि पाणी गरम कोण करतं, तर बरेचदा आपणच. गन सोडून मशीन चालू ठेवून गप्पा मारत बसतात, बायपासचं पाणी, म्हणजे गन बंद असताना परत मागे वळणारं पाणी, तिथल्या तिथे फिरून काही मिनिटांत तापतं, मग ट्रिगर दाबला की खडखडाट. बायपास टाकीत सोडत असाल तर सक्शनपासून, म्हणजे पंप जिथून पाणी घेतो त्या पाइपपासून, लांब आणि पाण्याच्या पातळीखाली सोडा, नाहीतर फेसाळ पाणी परत पंपात.

पाइप बारीक लावून पैसे वाचवू नका. पाऊण इंचीच्या जागी अर्धा इंची लावली की तेवढ्याच पाण्याला घर्षण साधारण सातपट होतं. पंपाच्या तोंडापेक्षा एक साइज मोठीच घ्या, एल्बो कमीत कमी, आणि जाळी रोज धुवा. अजून एक, सक्शनचा जॉइंट लूज असला तर पाणी गळत नाही, उलट हवा आत जाते, त्यामुळे कोरडा दिसतो म्हणून तो ठीक आहे असं समजू नका.

नळाला प्रेशर आहे ना, असं मला रोज कोणीतरी ऐकवतं. अहो, गन बंद असताना कुठलंही गेज छान दाखवतं! इनलेटला व्हॅक्युम दाखवणारं गेज लावा आणि पूर्ण पाणी चालू असताना बघा. तेही नसेल तर होज पंपापासून सोडा, बादली धरा, मिनिटाला किती लिटर येतं मोजा आणि पंपाच्या पाटीवरच्या लिटरशी ताडून बघा, दीडपट तरी यायला हवं. कमी आलं तर नवे सील घ्यायच्या आधी मागचा पाइप बघा. त्या तिसऱ्यांदा आलेल्या पंपाला सीट, वॉल्व्ह नवे घातले आणि होज बदलली, त्यानंतर तो परत आलेला नाही.

आपला,
एक पंप मेकॅनिक