आडव्या झांजेतला दांडा

प्रिय अव्या,

स. न. वि. वि. (एवढं लिहिलं की पत्र लिहिल्यासारखं वाटतं.)

मागे फोनवर तू विचारलंस, "जी दीर्घिका आपल्याला नुसती कडेनं दिसते, तिच्या पोटात दांडा आहे हे पाहिलं कोणी?" दांडा म्हणजे दीर्घिकेच्या मध्यातून आरपार गेलेला ताऱ्यांचा लांबट पट्टा. तेव्हा मी "सिद्ध झालंय रे" म्हणून वेळ मारून नेली. खरं तर मलाच सांगता येत नव्हतं. मग वाचत बसलो, आणि एप्रिलच्या अमावास्येला भंडारदऱ्याकडे जाऊन ती पाहूनही आलो. एनजीसी 4565. विल्यम हर्शेलला 1785 साली सापडलेली, सुमारे 4 कोटी प्रकाशवर्षं लांब.

लाल टॉर्च घरीच विसरलो होतो. मिठाईच्या डब्यावरचा लाल जिलेटिन कागद मोबाइलला गुंडाळून भागवलं. त्यात ती ज्या तारकासमूहात आहे तो अरुंधती केश बरोबर डोक्यावर, आणि डोक्यावरचं काही शोधायचं म्हटलं की आमचा आठ इंची डॉब (डॉब्सोनियन दुर्बीण रे) अडेलतट्टू होतो. अर्धा तास मान मोडली. शेवटी सापडली. राखाडी दोऱ्याचा तुकडा, मध्ये किंचित फुगलेला. नजर जरा बाजूला ठेवून पाहत राहिलो, तर लांबीभर एक काळी रेघ जाणवली. दिसली म्हणायचा धीर होत नाही.

तू पथकात झांज वाजवायचास ना? दोन्ही झांजा मिटून कडेनं डोळ्यांसमोर धर. कडा पातळ, मधला फुगवटा दोन्हीकडे वर आलेला. डिट्टो तशीच. काळी रेघ म्हणजे धूळ. ती चकतीच्या अगदी मधल्या पातळीत साचते आणि कडेनं पाहताना एकावर एक येऊन मागचा उजेड अडवते. चकतीतला हायड्रोजन मात्र रेडिओ दुर्बिणींना दिसतो. एक बाजू आपल्याकडे येते, दुसरी लांब जाते, वेग सेकंदाला साधारण 250 किलोमीटर. टोकांना तर तो वायू वाकलेलाही आहे, झांज पडून कडेला पोचा यावा तसा.

आता तुझा दांडा. गोम फुगवट्यात आहे. फोटोत तो गोल नाही, खोक्यासारखा चौकोनी आहे. दांड्यातले तारे लांबट कक्षांमध्ये फिरतात. पुढे त्यांच्या वरखाली होण्याचा ताल दांड्याच्या फिरण्याशी जुळतो, आणि चपटा दांडा मध्यभागी वरखाली जाड होत जातो. असा दांडा बाजूनं पाहिला तर भुईमुगाच्या शेंगेसारखा कमरेत बारीक दिसतो, जरा तिरका असला तर खोक्यासारखा. म्हणजे ज्याला आपण फुगवटा म्हणत होतो, तोच दांडा! मला हे वाचून स्वतःचाच राग आला. इतकी वर्षं फोटो पाहतोय, आणि चौकोनीपणा कधी खटकलाच नाही.

मग खरा गाभा कुठाय? कॉर्मेंडी आणि बॅरेंटाइन या खगोलशास्त्रज्ञांनी 2010 मध्ये हबल आणि स्पिट्झर या अवकाश दुर्बिणींची अवरक्त (इन्फ्रारेड) चित्रं तपासली. अवरक्त प्रकाश धुळीतून बराचसा पार होतो. त्या खोक्याच्या आत त्यांना एक छोटासा, वेगळाच तेजस्वी गाभा सापडला. एकूण प्रकाशाच्या जेमतेम 6 टक्के. एवढ्या मोठ्या दीर्घिकेत एवढासा! छोट्या दीर्घिका गिळून ही वाढली असती, तर मधोमध चांगला गलेलठ्ठ गोळा साचायला हवा होता. तो नाही, हे कोडं अजून डोक्यात घोळतंय.

आणि परतताना गाडीत सुचलेली गंमत ऐक. आपल्या आकाशगंगेचा उत्तर ध्रुव, म्हणजे तिच्या चकतीला काटकोनात सरळ वर जाणारी दिशा, अरुंधती केशातच येतो, या दीर्घिकेपासून जेमतेम चार अंशांवर. म्हणजे तिथून कोणी इकडे पाहत असेल, तर त्याला आपण समोरून दिसत असणार, ताटात वाढल्यासारखे, सर्पिल भुजा आणि दांड्यासकट. आपण मात्र स्वतःच्याच धुळीत बसलेलो. आपल्याकडेही दांडा आहे याचे पक्के पुरावे हाती यायला 1990 चं दशक उजाडावं लागलं.

वहिनींना नमस्कार सांग. मेच्या अमावास्येला ये. लाल टॉर्च तू आण, माझा भरवसा नाही.

तुझा,
बाळ्या