चमचा चमचा पाणी

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

ओवी आता अगदी बरी आहे. समोर बसून मऊ भात खातेय. आधी हे लिहिलं, कारण पुढचं वाचून तुमचा जीव खाली-वर होईल.

परवा रात्री एक वाजता तिला उलट्या सुरू झाल्या. तासाभरात चार. तहानेने रडत होती म्हणून मी अर्धा पेला पाणी पाजलं, तर तेही भडभडून बाहेर आलं. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, दहा मिनिटं काहीच देऊ नका, मग ओआरएस, म्हणजे पुडीचं मीठ-साखरेचं पाणी द्या, दर एक-दोन मिनिटांनी एकच चमचा. आई, तू बारशाला दिलेला चांदीचा चमचा काढला. औषधाच्या टोपणाने मोजला, बरोबर पाच मिली भरला. मांडीवर घेऊन पहाटेपर्यंत तेच करत बसले. ती पेल्याला हात घालायची आणि मी पेला लांब धरायचे. पोरगी पाणी मागतेय आणि आपण चमच्याने देतोय, हे फार जड जातं गं. पण तेवढंच पोटात टिकत होतं. साडेचारला तिला सू झाली तेव्हा मला रडू आलं.

आई, लहानपणी उलटी झाली की तू आम्हाला तासन् तास पाण्याचा थेंबही द्यायची नाहीस, पोटाला आराम म्हणून. तेव्हा सगळे तसंच करायचे. तुझी माया कमी नव्हती. पण मे महिन्यात ओवी महिनाभर तुमच्याकडे असेल, म्हणून हक्काने सांगते, तिला तसं कोरडं ठेवू नका. पुन्हा उलटी झाली तरी दहा मिनिटं थांबून परत चमच्याने सुरू करा. झोपली तर कुशीवर झोपवा. उलटीचं औषध मनाने देऊ नका, ते वजनावर ठरतं.

बाबा, १९७१ च्या युद्धाच्या आठवणी तुम्ही सांगता ना? त्याच वर्षी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ होती आणि सलाइन संपत आलं होतं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांत भरून ठेवलं, आणि रोग्यांना ते पाजलं त्यांच्या घरच्यांनीच. त्या रात्री मला याचा फार आधार वाटला.

हिरवी किंवा रक्ताची उलटी, सहा-आठ तास सू नाही, डोळे खोल गेलेत, रडताना अश्रू नाहीत, पोर मलूल पडलंय, पोटात सारखं दुखतंय, यातलं एकही दिसलं तर मला फोन नंतर करा. आधी रिक्षा बोलवा आणि दवाखाना गाठा.

ओआरएसच्या चार पुड्या पार्सलमध्ये घातल्यात. बाबा, एक पुडी म्हणजे पूर्ण एक लिटर उकळून गार केलेलं पाणी. थोडी पुडी पेल्यात, उरलेली नंतर, असं करू नका. मिठाचं प्रमाण बिघडतं. चोवीस तासांनी उरलेलं ओतून द्या. अंदाजाने तांब्या घेऊ नका, फडताळातली लिटरची बाटली घ्या.

तुमची,
छोटी