लोकल उशिरा, दंड प्रवाशाला: ठाणे–भिवंडी कनेक्टिंग बसबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ठाणे स्टेशन–भिवंडी कनेक्टिंग बससेवा

विषय: ‘नो-शो’ (सीट धरूनही प्रवासी आला नाही) दाखवून कापलेल्या फेऱ्या परत मिळण्याबाबत, तसेच रात्रीच्या शेवटच्या बसबाबत

महोदय / महोदया,

मी आपल्या ठाणे स्टेशन (पूर्व) ते धामणकर नाका या मार्गाची मासिक पासधारक आहे. राहते कामतघरला, नोकरी दादरला. हीच तक्रार मी आधी आपल्या ॲपवर नोंदवली होती. तिथून ‘झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ एवढं उत्तर आलं आणि थोड्याच वेळात तक्रारीवर ‘निकाली’ असा शेरा पडला. नक्की काय निकालात निघालं ते कळलं नाही, म्हणून हे सविस्तर पत्र.

माझं म्हणणं एवढंच आहे: आपण पैसे घेता ते लोकलला जोडून सुटणाऱ्या बसचे. लोकल रखडली की ही जोड आपण सोडून देता, आणि वर बस चुकल्याचा भुर्दंड प्रवाशाच्या पासावर टाकता.

गेल्या शुक्रवारचंच घ्या. दादरहून मिळालेली कल्याण फास्ट मुलुंड सोडल्यावर थांबली. कोपरीचा पूल समोर दिसत होता, पण सिग्नल मिळेना. ॲपमध्ये पाहिलं तर शेवटची बस थांब्यावर उभी आणि माझी सीट पक्की. गाडी एकदाची पाच नंबरला लागली. त्या वेळी तिथे उतरणाऱ्यांना चढणारे आधी आत ढकलतात आणि मग बाहेर पडू देतात, हे ठाण्यात उतरणाऱ्या कुणालाही सांगायला नको. २०२४ च्या मे अखेरीस ६३ तासांचा ब्लॉक घेऊन रेल्वेने हा प्लॅटफॉर्म रुंद केला. त्याने उभं राहायला जागा झाली, जिन्यापाशी मात्र अजूनही मुंगीच्या पावलानेच सरकावं लागतं. पुलाच्या पूर्वेच्या टोकाशी पोचले तेव्हा बस खाली दिसत होती. आतले दिवे लागलेले, पुढच्या चार-पाच रांगांत माणसं, मागच्या सगळ्या सीटा रिकाम्या. मी जिना उतरेपर्यंत ती वळली.

ड्रायव्हरना फोन केला. त्यांनी उचलला, याबद्दल त्यांचे आभार. म्हणाले, “मॅडम, कंट्रोलवरून सांगितलं, सोडा. थांबलो तर माझ्यावर मेमो निघतो.” त्यांच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही, कृपया या पत्राचा राग त्यांच्यावर काढू नये. फोन ठेवला आणि मेसेज आला: ‘आपण बससाठी उपस्थित राहिला नाहीत. आपली नोंद नो-शो अशी करण्यात आली असून एक फेरी वजा झाली आहे.’

उपस्थित राहिले नाही म्हणे! मी थांब्यावरूनच तो मेसेज वाचत होते.

माझ्याबरोबर त्याच लोकलमधून उतरलेले आणखी पाच-सहा जण होते. त्यातले एक काका परळच्या हॉस्पिटलातून तपासणी करून पद्मानगरला निघालेले, हातात एक्स-रेचं भलंमोठं पाकीट. रात्रीच्या त्या वेळी ठाणे स्टेशनबाहेर ‘भिवंडी’ म्हटलं की रिक्षावाले मान फिरवतात. जो तयार झाला त्याने हाफ रिटर्न, म्हणजे परतीचं अर्धं भाडंही, मागितला. दोन रिक्षांत दाटीवाटीने बसून आम्ही घरी पोचलो. काकांच्या वाटणीचे पैसे कुणी घेतले नाहीत, पण त्यांच्याही पासातून त्या दिवशीची फेरी गेलीच.

आपल्या ग्राहक सेवेतून फोनवर मला ऐकवलं गेलं की बस वेळेवर सुटली, आणि वेळेवर बस सोडणं हीच आमची सेवा. हे उत्तर मला मान्य नाही. घड्याळाकडे बघून सुटणारी गाडीच हवी असती तर ठाण्याहून भिवंडीला एसटी जाते. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. ते सोडून मी आपल्या बसला पूर्ण पैसे मोजते ते गारेगार एसीसाठी नाही (आणि तो एसी मागच्या दोन रांगांवर ठिबकतो, ते वेगळंच). आपल्या थांब्यावरच्या फलकावर बसच्या वेळेपुढे लोकलची वेळ छापलेली आहे: अमुक लोकलने उतरा, तमुक बस मिळेल. त्या दोन वेळांमधल्या जोडणीसाठी मी जास्तीचे पैसे देते. ती जोडणीच मिळत नसेल तर जास्तीचे पैसे कशाचे?

भिवंडीकराला ही जोडणी का लागते, हे आपल्याला ठाऊक असणारच. त्यावरच तर आपला धंदा उभा आहे. देशातली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला आली. भिवंडी तिथून हाकेच्या अंतरावर, पण शहराच्या वाट्याला आलं ते दिवा–वसई मार्गावरचं भिवंडी रोड स्टेशन. तिथून दादरची थेट लोकल नाही, गाड्याही मोजक्याच. कापूरबावडी, बाळकुम, कशेळी, काल्हेर, अंजूरफाटा असा जुना आग्रा रोडच आम्हाला ठाण्याला जोडतो. त्या रस्त्यावर मेट्रो ५ चं काम, गोदामांचे कंटेनर, पावसाळ्यातले खड्डे, सगळं आहे. त्याबद्दल मी आपल्याला एका शब्दाने दोष देत नाही. कशेळीच्या पुलावर बस अडकली तर आपण काय करणार?

पण मग सकाळचा हिशोब बघा. सकाळी आपली बस काल्हेरला अडकते, ठाण्याला उशिरा पोचते, माझी लोकल जाते, मस्टरवर लाल शेरा पडतो. तेव्हा मी ‘वाहतूक कोंडी आहे, चालायचंच’ म्हणून गप्प बसते. आपल्या खात्यावर नो-शो पडत नाही. बसच रद्द झाली तर त्या फेरीचे पैसे परत येत नाहीत; ॲपमधले ‘कॉइन’ येतात आणि महिनाअखेर तेही उडून जातात. संध्याकाळी लोकल सिग्नलला अडकली की मात्र चालायचंच नाही! लगेच फेरी कापली जाते, आणि असे नो-शो साठले की आगाऊ सीट धरण्याची सोयही काही दिवस बंद होते. कोंडी रस्त्यावरची असो की रुळावरची, दोन्हींची किंमत प्रवाशानेच मोजायची, असा हा नियम आहे.

लोकल कधी उशिरा येणार हे काही प्रत्येक वेळी आकाशातून पडत नाही. रविवारचा मेगाब्लॉक आधी जाहीर होतो, शनिवारच्या पेपरात येतो. माटुंगा ते मुलुंड धिम्या मार्गावर ब्लॉक असला की धिम्या गाड्या जलद मार्गावरून वळवतात आणि त्या उशिराने धावतील हे रेल्वे स्वतःच सांगते. तरी आपलं रविवारचं वेळापत्रक इतर दिवसांचंच, फक्त बस कमी. बाकीच्या दिवशी रेल्वेच्या ‘यात्री’ ॲपवर लोकल नकाशावर सरकताना दिसते. मला डब्यात लोंबकळत जे दिसतं ते आपल्या कंट्रोल रूममध्ये खुर्चीवर बसून दिसायला हरकत नसावी.

प्रत्येक बसने प्रत्येक लोकलची वाट बघावी, असं मी म्हणत नाही. संध्याकाळी सातची बस थांबवून ठेवली तर आत बसलेले लोक वैतागतील, आणि ते बरोबरच आहे. त्यांनाही घर आहे. तेव्हा ती बस वेळेवर जाऊ द्या, फक्त माझी सीट पुढच्या बसमध्ये टाका आणि नो-शो लावू नका. शेवटच्या बसची गोष्ट वेगळी. तिच्यामागे दुसरी बस नाही. फलकावर जिची वेळ छापली आहे ती लोकल मुलुंडच्या पुढे असताना शेवटच्या बसने पंधरा मिनिटं थांबायला हवं. त्यासाठी थांबलेल्या ड्रायव्हरला मेमो नको, तसं लेखी त्यांच्या हातात द्या. तोंडी सूचना मेमो निघाला की कुणाला आठवत नाही.

माझ्या मागण्या यातच आल्या. तरी स्पष्ट लिहिते. लोकल उशिरा आल्यामुळे माझ्या पासावर लागलेले सगळे नो-शो काढून त्या फेऱ्या परत द्याव्यात. त्या त्या दिवसांचे स्क्रीनशॉट जोडले आहेत. शुक्रवारच्या रिक्षाभाड्यातला माझा वाटा मिळावा. आपण रद्द केलेल्या फेऱ्यांचे पैसे ज्या खात्यातून गेले त्याच खात्यात यावेत, कॉइन नकोत. आणि शेवटच्या बसबद्दलचा निर्णय थांब्यावर मराठीत लावावा, लोकलच्या वेळा छापल्या आहेत त्याच फलकावर.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे आपण तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची आहे आणि एका महिन्यात तिचं निवारण करायचं आहे. त्याच नियमांत असंही आहे की, कंपनीने स्वतःहून खरेदी रद्द केल्यावर ती तेवढाच आकार सोसत नसेल तर ग्राहकाने रद्द केल्यावर त्याच्याकडून आकार घेता येत नाही. मी तर रद्दही केलं नव्हतं. मी पुलावर होते. आपल्या नो-शोच्या नियमाला कायद्यात आधार कुठला, तो कलमासह कळवावा.

महिनाभरात समाधानकारक उत्तर आलं नाही तर मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवेन आणि सेवेतील त्रुटीबद्दल ठाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे मी राहते तिथल्या आयोगाकडे दाद मागता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही. आणखी काही सहप्रवासी बरोबर यायला तयार आहेत. तिथपर्यंत जायची वेळ येऊ नये अशी माझी खरंच इच्छा आहे, कारण आपली बस बंद पडली तर पुन्हा रिक्षावाल्यांच्या विनवण्या करायच्या आम्हीच.

कळावे,

आपली,
मासिक पासधारक, कामतघर, भिवंडी

सोबत: पासाची प्रत, नो-शोच्या मेसेजचे स्क्रीनशॉट, थांब्यावरच्या फलकाचा फोटो

ता. क. – स्क्रीनशॉटमधली सहप्रवाशांची नावं आणि नंबर मी झाकले आहेत. पडताळणीसाठी ते हवे असतील तर मला कळवा, मी त्यांना विचारून देईन. मागच्या तक्रारीनंतर एका ताईंना आपल्याकडून परस्पर फोन गेला आणि पासाची सवलत गळ्यात मारायचा प्रयत्न झाला. तसं पुन्हा होऊ नये.